मिरजेची पाण्याची गाडी आणि नॅशव्हिलमधला अल्बम: एकवीस महिने कसे गेले

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवारी माझा पहिला अल्बम आला. कंट्री रॉक (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं कंट्री संगीत आणि रॉक यांचं मिश्रण), दहा गाणी, ३८ मिनिटं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू केलं तेव्हा मराठीतून यातलं काहीच वाचायला मिळालं नव्हतं, आणि इंग्लिशमध्ये जे मिळायचं ते एकतर कुणाची तरी जाहिरात नाहीतर वकिलांची भाषा. म्हणून जसं झालं तसं लिहितेय, तारखा आणि पैशांसकट.

मी मूळची मिरजेची. शाळेचा रस्ता सतारमेकर गल्लीतून जायचा, दुकानांत मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे टांगलेले असायचे आणि आत कुणीतरी सतारीची घोडी घासून जवारी काढत बसलेलं असायचं. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. २०११ मध्ये लग्नानंतर अमेरिकेत नॅशव्हिलला आले, दिवसा एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. कंट्री म्युझिक आधी अजिबात माहीत नव्हतं, पण इथे एका संध्याकाळी पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, पायांनी पेडल दाबत वाजवायची) पहिल्यांदा समोर बसून ऐकली आणि मला एकदम घरच आठवलं. ती मींडच होती हो, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी. बाबांकडे व्हॅन शिप्लेंनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांची कॅसेट होती, ती आमच्याकडे रविवारी सकाळी लागायची. पेडल स्टील त्याच हवाईयन घराण्यातली, हे नंतर कळलं. फोनवरून ऐकवलं तर बाबा म्हणाले, "अगं, ही आपलीच गिटार की गं, फक्त पाय फुटलेत हिला."

एक गोष्ट आधीच सांगते. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर गाण्यातून एक डॉलरही घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. मी दहा वर्षं नुसती गाणी लिहीत राहिले, सोमवारी ब्लूबर्ड कॅफेच्या ओपन माइकला जाऊन फुकट म्हणत राहिले, आणि २०२२ मध्ये ग्रीन कार्ड आल्यावरच पैशांचा विषय काढला. ब्लूबर्डबद्दल इतकंच सांगते की १९८२ पासूनची ती जागा एका साध्या शॉपिंग सेंटरमध्ये आहे, जेमतेम नव्वद खुर्च्या, आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही हा तिथला नियम. नवीन माणसाचं गाणंही लोक शांत बसून ऐकतात. ज्याला धीर होत नाही त्यानं तिथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

तर जानेवारी २०२३. वहीत चाळीसेक गाणी होती, त्यातली सात पक्की वाटत होती. इथे दोघांतिघांनी एका खोलीत बसून गाणं लिहायची पद्धत आहे, त्याला को-राइट म्हणतात, सकाळी अकराला कॉफी घेऊन बसायचं आणि दुपारी दोनपर्यंत गाणं तयार. मला हे आधी पटतच नव्हतं, गाणं असं ऑफिससारखं वेळ ठरवून कसं येईल? मार्चमध्ये एका मैत्रिणीच्या घरी बसलो होतो, ती म्हणाली तुझ्या गावाबद्दल काहीतरी सांग. मी म्हटलं जंक्शन आहे आमचं गाव, रेल्वेचं. मग २०१६ च्या एप्रिलची गोष्ट सांगितली, लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवलं होतं, राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेले टँकर, पहिल्या गाडीला दहा, सुमारे पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आमच्याकडे रेल्वेवर शेकडो गाणी आहेत, कंट्रीतला जुना गायक जिमी रॉजर्स स्वतः रेल्वेत ब्रेकमन होता, पण पाणी घेऊन जाणारी गाडी कुणाच्या गाण्यात नाही बघितली. त्या दुपारी अडीच तासांत ते गाणं झालं. सगळं इंग्लिशमध्ये, फक्त धृपदाच्या शेवटी दोन मराठी शब्द राहिले, 'पाणी आलं', कारण त्याला दुसरे शब्दच नाहीत.

निघताना तिनं एक कागद पुढे केला, स्प्लिट शीट. गाण्याचं नाव, तारीख, दोघींची नावं, कुणाचा किती वाटा, सह्या. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, मैत्रिणीकडे चहा प्यायला जाऊन कुणी पावती मागितल्यासारखं. पण तिनं शांतपणे सांगितलं, आज आपण दोघी खूश आहोत म्हणूनच आज सही करायची. इथे बऱ्याचदा खोलीत जितके लोक तितके समान वाटे धरतात, कुणी किती ओळी दिल्या ते मोजत बसत नाहीत. पन्नास-पन्नास लिहिलं आणि सह्या केल्या. आज मागे वळून बघताना अख्ख्या एकवीस महिन्यांत मला कुणी शिकवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तो कागद होता, आणि पुढची चूक मी तीच गोष्ट विसरल्यामुळे केली.

मे २०२३ मध्ये एका ओळखीतून एक प्रोड्यूसर मिळाला. माणूस बोलायला छान, घरातच स्टुडिओ, ३,००० डॉलरमध्ये अख्खा अल्बम म्हणाला, १,५०० आगाऊ. मी चेक दिला, कागद काहीच केला नाही, कारण ओळखीतला होता. जूनमध्ये तीन गाण्यांचे कच्चे ट्रॅक झाले, मग तो कुणाबरोबर तरी टूरवर गेला, मग मेसेजना उत्तर येईना, मग एकदम सप्टेंबरमध्ये कळलं की तो दुसऱ्या राज्यात राहायला गेलाय. पैसे गेले, चार महिने गेले, पण सगळ्यात लागलं ते हे की माझ्या आवाजातल्या त्या फाइल्स त्याच्या हार्डडिस्कवर होत्या आणि मागायला माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती. त्या महिन्यात मी गिटारला हात लावला नाही. नवऱ्यानं एकदाही 'सांगितलं होतं' म्हटलं नाही, त्याबद्दल त्याचे उपकार आहेत.

म्हणून सांगते, आगाऊ रक्कम देण्याआधी एका पानावर का होईना लिहून घ्या: किती गाणी, कधीपर्यंत, काम थांबलं तर पैशांचं काय, आणि प्रत्येक सेशननंतर कच्च्या फाइल्सची कॉपी तुमच्या डिस्कवर. आमच्या दुसऱ्या प्रोड्यूसरबाईंनी हे सगळं न मागता स्वतःच मेलमध्ये लिहून पाठवलं, तिथेच मला कळलं की योग्य माणूस मिळाला. ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. त्यांचे गाण्यामागे ३०० डॉलर, म्हणजे ३,०००.

नोव्हेंबर ते जानेवारी प्री-प्रॉडक्शन. म्हणजे स्टुडिओचं भाडं सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गाण्याची पट्टी, लय, कुठे कोण वाजवणार हे ठरवून टाकायचं. इथे मला पहिल्यांदाच वाटलं की मी परकी नाहीये. नॅशव्हिलमध्ये वादकांसमोर स्वरलिपी ठेवत नाहीत, आकडे ठेवतात, एकेका कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांना) एक आकडा. १, ४, ५. मायनर कॉर्ड असेल तर आकड्यापुढे वजा. आकड्याभोवती हिऱ्यासारखा चौकोन काढला असेल तर ती कॉर्ड एकदा वाजवून तशीच घुमू द्यायची. १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गाणाऱ्या ग्रुपमधल्या नील मॅथ्यूजनी ही पद्धत काढली आणि चार्ली मकॉयसारख्या सेशनवाल्यांनी ती गावभर रुजवली. एक म्हणजे घरचा सूर, तो कुठेही ठेवा, बाकीचे आकडे त्याच्याबरोबर सरकतात. हे तर आपलं सा-रे-ग-मच झालं! सा काळी एकवर धरा नाहीतर पांढरी पाचवर, बंदिश तीच राहते. प्रोड्यूसरबाई समजावून सांगत होत्या आणि मला बाबांची पेटी दिसत होती.

१० आणि ११ फेब्रुवारी २०२४, शनिवार-रविवार, ट्रॅकिंग, म्हणजे वादकांचं रेकॉर्डिंग. इथली सेशन तीन तासांची असते, दहा ते एक आणि दोन ते पाच, वेळ म्हणजे वेळ, सगळे पावणेदहाला ट्यूनिंग करून तयार. चार वादक: ड्रम, बेस, टेलिकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) आणि स्टील. सेशनमागे माणशी २५० ठरले होते, चार सेशनचे मिळून ४,०००. स्टुडिओ आणि इंजिनियर दोन दिवसांचे १,३००. चेक देण्याआधी प्रत्येकाकडून दोन कागद घेतले. एक डब्ल्यू-नाइन, म्हणजे टॅक्स नंबर लिहून देण्याचा फॉर्म, कारण २०२४ मध्ये नियम असा होता की वर्षात एखाद्याला ६०० किंवा जास्त दिले की पुढच्या जानेवारीत त्याला १०९९ फॉर्म (दिलेल्या पैशांचा हिशोब) पाठवावा लागायचा आणि तेव्हा टॅक्स नंबरासाठी लोकांच्या मागे धावायची वेळ येते. दुसरा, वाजवलेल्या कामाचे हक्क मला देत असल्याचा एक पानी करार. यावेळी अवघडल्यासारखं अजिबात झालं नाही. ड्रमरनं गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली आणि म्हणाला, बरं झालं विचारलंस, बरेच जण विचारतच नाहीत.

रविवारी दुपारी पाण्याच्या गाडीचं गाणं होतं. ते मी 'जी' या पट्टीत ठेवलं होतं, म्हणजे आपली पांढरी पाच. दोन टेक झाले आणि 'पाणी आलं'च्या वरच्या सुराला माझा आवाज ताणला जायला लागला, दुसरा दिवस होता, गळा थकला होता. मी घाबरले, म्हटलं आता सगळे चार्ट, म्हणजे आकड्यांचे कागद, परत लिहावे लागणार. प्रोड्यूसरबाईंनी टॉकबॅकवरून फक्त 'एफ' म्हटलं, चौघांनी मान डोलावली, आणि त्याच कागदावर त्याच आकड्यांवरून पुढचा टेक पांढरी चारवर सुरू झाला. दहा सेकंदही गेले नसतील.

स्टील वाजवणारे काका सत्तरीचे. मी त्यांना मनात काकाच म्हणते. समोर दहा तारांचं ते टेबलासारखं वाद्य, खाली तीन पेडल, गुडघ्यांनी सरकवायच्या लिव्हर, डाव्या हातात स्टीलची कांडी, उजवा पाय व्हॉल्यूमच्या पेडलवर. धृपदानंतरची जागा त्यांनी सुंदर भरली होती पण मला ती जरा घाईची वाटत होती, आणि इतक्या मोठ्या माणसाला सांगायचं कसं ते कळेना. शेवटी मी बोलले नाही, गाऊनच दाखवलं, 'आलं' मधला ल सोडून नुसता आकार, खालच्या सुरावरून वर जाताना मध्ये थोडं रेंगाळून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं या शब्दाचा अर्थ काय. मी सांगितलं, चार-पाच दिवस वाट बघून नळाला पाणी आलं की बायका गल्लीत ओरडून एकमेकींना सांगतात ते. ते काही बोलले नाहीत. पुढच्या टेकला त्यांनी पेडल पूर्ण दाबलंच नाही, अर्ध्यावर धरून हळूहळू सोडत नेलं, आणि तो सूर दोन स्वरांच्या मध्ये असा थांबला की काचेपलीकडे इंजिनियरनं फोन खाली ठेवला. तोच टेक अल्बममध्ये आहे.

मार्चमध्ये गळ्याचे टेक घरीच, कपाटात रजया टांगून. मग मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज तोलून एकत्र करणं) २,०००, मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) ८५०, त्यात रेकॉर्डसाठीचा वेगळा मास्टर धरून. पैसे संपत आले होते म्हणून १५ एप्रिल ते १५ मे किकस्टार्टर, म्हणजे वेबसाइटवरून लोकवर्गणी, केलं. लक्ष्य ६,००० होतं, आणि तिथे लक्ष्य गाठलं नाही तर एक पैसा मिळत नाही, त्यामुळे महिनाभर जीव टांगणीला. विसाव्या दिवशी ३,१०० वर अडकलं होतं. मग प्रत्येकाला वेगवेगळा मेल लिहिला, ग्रुपवर टाकायचं बंद केलं. हे खरंच उपयोगी पडलं, ग्रुपवरचा मेसेज सगळे वाचतात पण तो आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही. शेवटी ६,४२० जमले, फी कापून हातात ५,८८० च्या आसपास आले. हे पैसे उत्पन्नात धरावे लागतात, टॅक्ससाठी बाजूला ठेवा.

एलपी काढायची की नाही यावर घरात बराच खल झाला. शंभर प्रतींचे २,१००, सीडी दोनशेच्या ४२०. पण शो झाल्यावर लोक रेकॉर्डच विकत घेतात, म्हणून काढली. एक गोष्ट मला मास्टरिंगवाल्यांनी सांगितली ती इथे सांगते: रेकॉर्डच्या मध्याकडे जाताना फेरा लहान होत जातो, तेवढ्याच वेळात सुईला कमी अंतर मिळतं, त्यामुळे तिथे तार आवाज आणि स, श फाटतात. म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवा. मला पाण्याची गाडी सगळ्यात शेवटी हवी होती, ती उचलून दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला नेली. आधी वाईट वाटलं, आता वाटतं तीच तिची जागा. ३ जूनला ऑर्डर दिली, २२ जुलैला टेस्ट प्रेसिंग (सगळ्या प्रती छापायच्या आधीची नमुन्याची रेकॉर्ड) आलं, आणि पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात टिक्, टिक्, दर फेऱ्याला एकदा, म्हणजे १.८ सेकंदांनी. फोनवर रेकॉर्ड करून वेळेसकट पाठवलं. तीन आठवडे गेले, दुसरं टेस्ट प्रेसिंग स्वच्छ आलं. टेस्ट प्रेसिंग हेडफोन लावून पूर्ण ऐका, कितीही कंटाळा आला तरी, आणि रिलीजची तारीख रेकॉर्डचे खोके घरात आल्याशिवाय जाहीर करू नका. माझे २० सप्टेंबरला आले.

आता कागद. यात सगळे अडकतात, मीही अडकले, म्हणून सावकाश लिहिते. अमेरिकेत गाणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग वेगळं. बंदिश एकाची आणि ती गाणारा दुसरा असू शकतो, तसंच. दोन्हीचे हक्क वेगळे, पैसे वेगळ्या वाटांनी येतात. गाणं रेडिओवर, हॉटेलात वाजलं तर ते पैसे बीएमआयसारख्या संस्थेकडून. तेच गाणं स्ट्रीम झालं तर त्याचा मेकॅनिकल नावाचा वाटा एमएलसी नावाच्या संस्थेकडून, ही २०२१ पासून सुरू झाली आणि सभासद व्हायला पैसे लागत नाहीत. आणि रेकॉर्डिंग इंटरनेट रेडिओ किंवा सॅटेलाइट रेडिओवर वाजलं तर साउंडएक्स्चेंज या संस्थेकडून, तिथे अर्धे पैसे रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथ करणाऱ्या वादक-गायकांच्या फंडात. सगळीकडे स्वतः नाव नोंदवावं लागतं. डिस्ट्रिब्यूटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) हे आपोआप करेल असं मी सहा महिने धरून चालले होते, तसं होत नाही. एक एक्सेल शीट करा: गाण्याचं नाव, लिहिणाऱ्यांचे वाटे, आयएसआरसी हा प्रत्येक रेकॉर्डिंगच्या ओळखीचा बारा अक्षरांचा कोड, मिनिटं-सेकंद. प्रत्येक फॉर्मला हेच लागतं आणि स्पेलिंग सगळीकडे एकच असायला हवं.

एक कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, आहे अल्बममध्ये. स्ट्रीमिंगसाठी वेगळं लायसन्स लागलं नाही, पण सीडी आणि रेकॉर्डला लागतं. २०२४ चा दर पाच मिनिटांच्या आतल्या गाण्याला प्रतीमागे १२.४ सेंट, तीनशे प्रतींचे ३७ डॉलर २० सेंट, वर थोडी सर्व्हिस फी. रक्कम छोटी आहे पण छापायच्या आधी करा.

कॉपीराइट ऑफिसमध्ये अख्ख्या अल्बमची एकत्र नोंदणी होते, ६५ डॉलरमध्ये वीसपर्यंत गाणी. पण दोन अर्ज, गाण्यांचा एक आणि रेकॉर्डिंगचा एक. आणि त्या गटातल्या सगळ्या गाण्यांचा हक्कदार एकच असावा लागतो. माझी सात गाणी एकटीची, दोन को-राइट, दोन्ही वेगवेगळ्या मैत्रिणींबरोबर. म्हणजे त्या दोन गाण्यांचे अर्ज वेगळे. एकूण चार अर्ज, २६० डॉलर. १५ ऑक्टोबरला रात्री नऊला बसले, साडेबाराला उठले. को-राइटच्या अर्जात गाणं कधीचं आणि कुणाकुणाचं ते विचारलं तेव्हा मार्च २०२३ चा तो कागद फाइलमधून काढला, दीड वर्षानंतर कुणाला फोन करायची गरज पडली नाही. प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर पुढे कुणी गाणं चोरलं तर कायद्यानं ठरवून दिलेली भरपाई मागता येते, त्यामुळे लांबवू नका.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना रिलीजच्या किमान सात दिवस आधी एकच गाणं सुचवता येतं. मी पाण्याची गाडी दिली. कुठल्या मोठ्या यादीत ते आलं नाही. आणि एका ट्रॅकला वर्षात हजार स्ट्रीम झाल्याशिवाय तिथून पैसे सुरू होत नाहीत, माझी तीन गाणी त्या पलीकडे गेलीत, बाकीची अजून नाहीत.

एकूण खर्च साधारण १६,००० डॉलर, त्यात ते बुडालेले १,५०० धरून. किकस्टार्टर वजा जाता दहा हजारांच्या वर आमच्या बचतीतून. हा आकडा लिहिताना हात थबकला होता, पण मला सुरुवातीला कुणी खरा आकडा सांगितला नव्हता, म्हणून लिहिला. एकदम लागत नाहीत हे पैसे, एकवीस महिन्यांत विभागून गेले.

नोव्हेंबरमध्ये एक मैत्रीण सांगलीला जात होती, तिच्याबरोबर एक रेकॉर्ड बाबांना पाठवली, दोन पुठ्ठ्यांत बांधून. घरी प्लेअर नाही. बाबांनी ती गल्लीतल्या एका ओळखीच्या वाद्यवाल्यांकडे नेली, त्यांच्याकडे जुना चालू प्लेअर आहे. इथे रात्रीचे साडेनऊ झाले होते, तिकडे सकाळ, फोन वाजला. मागे स्टील ऐकू येत होतं, ती अर्धी सोडलेली जागा, आणि त्याच्यावर बाबांनी धरलेला पेटीचा सा.

"पांढरी चार ना गं?"

"हो बाबा. आधी पाच होती."

"चारच बरी आहे. थांब, परत लावायला सांगतो."